कड्याची बंदूक

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. त्या दसऱ्याला मी सात मोजले होते. ओट्यावर बसून, मोठ्यानं, एकेक करून. सहा नाही आणि आठही नाही. चौदा वर्षांची होते आणि गणितात कच्ची होते हे खरं, पण सातपर्यंत मोजता येऊ नये इतकी मठ्ठ कोणीच नसते. तरी वसंतमामा गेला. आता सत्तरी उलटली, गुडघ्यांनी राम म्हटला, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, आणि अजूनही रात्री गॅसचं बटण बंद केलं की मी सात मोजते. आमची भांडेवाली हसते. हसू दे बापडीला.

रोहण्याला आमचं घर गावाच्या टोकाला होतं. पुढे दगडी ओटा, ओट्याला लागून गोठा, मागे परसात शेवग्याची दोन झाडं. सकाळी जाग यायची ती बैलांच्या घंट्यांनी, आणि घंट्यांनी नाही आली तर मायच्या तोंडानं. माय माझी मोठी बोलकी. बैलाशी बोले, चुलीशी बोले, पातेल्यात ऊतू जाणाऱ्या दुधाला तर शिव्या देई. “अवो, उठता का आता, का सूर्यनारायणाले वेशीवर थांबवून ठिऊ?” असं ती बाबांना म्हणायची, आणि बाबा हूं म्हणून कूस बदलायचे. बाबांचं बोलणं म्हणजे मोजून मापून. बियाणं जपून वापरावं तसे ते शब्द वापरत. गावात कोणी त्यांना विचारलं की यंदा कापूस कसा, तर ते नुसते आभाळाकडे पाहत, आणि विचारणारा समजून घेई.

जेवण साधं. ज्वारीची भाकर, वांग्याची नाहीतर अंबाडीची भाजी, आणि भाकरीवर लाल तिखट पसरून त्यावर जवसाच्या तेलाची धार. आमच्याकडे तेल म्हणजे जवसाचंच. वावराच्या एका धुऱ्याकडची, बांधालगतची पट्टी जवसासाठी राखलेली असे. निळी फुलं आली की मी तिथं उगाच जाऊन बसायची. मग जवस घाणीवर जाई, आणि पिवळंधमक तेल डब्यात भरून घरी येई. भाजीला तेच, दिव्याला तेच, वखराच्या दांडीला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला चोळायलाही तेच. लाकडाला एकदा ते लावलं की आठ दिवसांत कसं चकचकीत होऊन बसे, वर हात फिरवला तरी तेलाचा मागमूस लागत नसे. माय म्हणायची, जवसाचं तेल लाकडाचं लेकरू आहे, त्याच्या अंगात जिरते.

आमच्या वावराला लागून झुडपी जंगल होतं. रानडुकरं यायची, रोही म्हणजे नीलगायी यायच्या. भुईमूग भरायला लागला की डुकरांचा कळप एका फेरीत अर्धं वावर उलटंपालटं करून जाई. म्हणून बाबांकडे आजोबांच्या वेळेपासून पिकासाठी बंदुकीचं लायसन होतं. आधी होती ती दुनळी. तिचा एक नियम आमच्या घरात देवपूजेसारखा पाळला जाई. वावरातून आलं की दुनळी मधून मोडायची, नळ्या आभाळाकडे धरायच्या, आणि मागून डोळा लावून पाहायचं. दोन्ही नळ्यांतून दोन गोल उजेड दिसले की मोठ्यानं म्हणायचं, “उजेड!” घरात बाया असोत की पाहुणे, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. उजेड म्हटल्याशिवाय बंदूक उंबऱ्याच्या आत येत नसे. मी पाचसहा वर्षांची असल्यापासून ते उजेड पाहायचं काम माझं. बाबा बंदूक धरत आणि मी डोळा लावी. मला ते फार आवडे. दोन पैशांएवढ्या दोन गोलांत आख्खं आभाळ मावलेलं.

मग कड्याची बंदूक आली. नागपूरचे एक म्हातारे शिकारी गृहस्थ होते, त्यांचे डोळे गेले, आणि त्यांनी आपली रायफल बाबांना दिली. दुनळी विकून, कचेरीत खेटे घालून, बाबांनी ती लायसनवर चढवून घेतली. एकच नळी, आणि त्या नळीच्या पोटाखाली दुसरी बारीक नळी, तिच्यात ओळीनं सात काडतुसं मावत. चापाभोवती लोखंडाचं एक लांबट कडं, त्यात बोटं घालून खाली ओढायचं आणि परत वर आणायचं. खटॅक, खट्. जुनं काडतूस उडून बाहेर, नवं आत. पुन्हा खटॅक, खट्. तो आवाज मी आजही कुठंही ओळखीन. चांगल्या कुलपाचा असतो तसा, भरवशाचा आवाज.

आंबाबाय, काय तिचं कौतुक झालं! आर्वीकडून माणसं आली, पुलगावहून आली, देवळीचे दुकानदार आले. ज्यांनी जन्मात उंदीर मारला नव्हता तेही म्हणत, “दादा, एकदा कडं ओढून पाहू द्या न.” त्या काळी वर्ध्याच्या टॉकीजला कधीमधी इंग्रजी चित्रपट लागत, त्यात घोड्यावरची टोपीवाली माणसं अशीच बंदूक एका हातानं गरकन फिरवत. ते पाहून आलेली पोरं तर आमच्या ओट्यावरून हलत नसत. जुन्या शिकाऱ्यांत तिचा मान वेगळाच होता. ते म्हणत, हलकी आहे, बैलगाडीत अडकत नाही, पावसात दगा देत नाही. गावात आमच्या घराचं नावच पडलं, कड्यावाल्यायचं घर. माय वैतागून म्हणायची, “इथं माह्या चहाची पत्ती संपून राह्यली आन् यांचं कडं काही संपत नाई!” पण पाहुण्यांपुढे कपबशा ठेवताना तीही फुगलेली असायची, ते मला दिसे.

एक अडचण मात्र होती. या बंदुकीतून उजेड दिसत नसे. ती मधून मोडतच नव्हती. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि नवा नियम घातला. पोटात सात मावतात, तर दरवेळी कडं सात वेळा ओढायचं. एक निघो की पाच निघोत, ओढायचं सातच वेळा, आणि मोठ्यानं मोजायचं. निघालेली काडतुसं पत्र्याच्या डबीत टाकायची, ती डबी बाबा उघडून पाहणार, भरली किती आणि उडवली किती याच्याशी ताळा घेणार, आणि मगच बंदूक खुंटीवर जाणार. मोजायचं काम अर्थात माझं. “सुमे, मोज,” असं ते म्हणत, आणि मी पायावर पाय टाकून बसे आणि कडं ओढी. पोरीच्या जातीला बंदूक कशाला, असं एकदोघं म्हणाले. बाबा त्यांना म्हणाले, “ते इसरत नाई. मी इसरतो.” बाबांनी माझं केलेलं एवढं एकच कौतुक मला आठवतं, आणि तेवढ्यावर मी चौदा वर्षांची झाले.

आता वसंतमामा. मायचा पाठचा भाऊ. देवळीला त्यांचं किराण्याचं दुकान होतं. लग्न होऊन चार वर्षं झालेली, घरी मामी आणि रांगतं पोरगं. तरी मामाचं स्वतःचं पोरपण काही गेलं नव्हतं. दुकानातून निघायला मिळालं की एसटी धरून रोहण्याला हजर. खिशात माझ्यासाठी पेपरमिंट, मायसाठी खोबरं, आणि डोळे खुंटीवर. “सुमे, तुह्यं लगन या बंदुकीशीच लावून देऊ का वं? हुंड्यात सात काडतुसं!” मी चिडायची आणि तो आणखी चिडवायचा. पण तोच मामा बाबांपाशी बसून म्हणाला होता, “भाऊजी, पोट्टी हुशार आहे. दिवाळी झाली का वर्ध्याच्या शाळेत टाकू तिले. खर्चाचं मी पाहतो.” बाबांनी आभाळाकडे नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नव्हती.

आणि पोळ्याच्या सुमारास मी एक काम केलं, तेही लिहून ठेवते. त्या वेळी ते काम म्हणण्याइतकंही मला वाटलं नव्हतं. बंदुकीच्या तेलाची नागपूरहून आणलेली कुपी संपली होती. पावसाची ओल होती, आणि नळीवर तांबूस डाग दिसायला लागले होते. मामा येणार होता. मला वाटलं, त्याला ती चकचकीत दिसावी. माय तेव्हा नांगरा-वखरांना तेल चोळत होती. मी वाटीतलं उरलेलं तेल घेतलं, बंदुकीला बाहेरून चोळलं, आणि पोटनळीच्या फटीतूनही चांगली धार सोडली. मामानं आल्या आल्या म्हटलं, “वा! कोणी चमकवली?” मी म्हटलं, “मी.” त्यानं एक पेपरमिंट जास्त दिलं.

दसऱ्याच्या आधी तीनचार दिवस भुईमुगात डुकरं पडत होती. बाबा वावरातल्या माळ्यावर जागत होते. दसऱ्याच्या सकाळी ते डोळे लाल करून आले, बंदूक माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “सुमे, मोज.” मी ओट्यावर बसले. एक म्हटलं, काडतूस निघालं. दोन म्हटलं, दुसरं निघालं. तीन, चार, पाच, सहा, सात, कडं रिकामं वाजलं. दोन्ही काडतुसं मी डबीत टाकली आणि डबी बाबांपुढे धरली. तेवढ्यात पोलीसपाटील सोनं लुटायला किती वाजता निघायचं हे विचारायला आले. बाबा म्हणाले, “ठिऊ दे, मंग पाहतो.” डबी कोनाड्यात गेली. मग पूजा झाली. पाटावर विळे, कुऱ्हाड, कुदळ, पाभरीचे फण, आणि मधोमध कड्याची बंदूक, तिच्या नळीवर कुंकू आणि झेंडूचं फूल. डबीचं पाहणं राहून गेलं ते गेलंच.

दुपारी पुरणपोळी, पातोडीचा रस्सा, कढी. मामा सहा पोळ्या जेवला आणि सातवी मायनं जबरदस्तीनं वाढली. मग तो ओट्यावर आला. गल्लीतली पाचसहा पोरं त्याची वाटच पाहत होती. “मामाजी, चित्रपटातलं करून दाखवा!” मामानं पाटावरची बंदूक उचलली. उचलल्यावर, हे मी शपथेवर सांगते, तो माझ्याकडे वळला आणि त्यानं विचारलं, “खाली आहे न वं सुमे?”

मी म्हटलं, “सात मोजले, मामा.”

“मंग काय पाहा लागते!” तो म्हणाला. त्यानं ती हातात गरकन फिरवायचा प्रयत्न केला, ती नीट फिरली नाही, पोरं हसली, तोही हसला. मग त्यानं दस्ता ओट्याच्या दगडावर आपटून उभी धरली, नळी खांद्याशी टेकवली, दोनदा कडं ओढलं, खटॅक खट्, खटॅक खट्, आणि ऐटीत अंगठ्यानं चाप दाबला.

आवाजाचं मी काय सांगू. घराच्या आत आवाज झाला असं मला वाटलं, माझ्या डोक्याच्या आत झाला असं वाटलं. शेवग्यावरचे सगळे पोपट एकदम उडाले. मामा खाली बसला, पडला नाही, नीट बसला, आणि “अरे” म्हणाला. एवढंच. गळ्याखाली हात धरलेला आणि बोटांमधून रक्त. माय आतून धावत आली, तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं, आणि त्याच हातांनी तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. पोरं कुठं पळाली कळलं नाही. मी खांबाला धरून उभी होते आणि मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. पुन्हा. पुन्हा.

पोलिसांना आणायला एक जण सायकलवर गेला. ते यायला संध्याकाळ होणार होती. अंगणात बाया जमल्या, रडणं सुरू झालं. मायचं रडणं मला ऐकवेना म्हणून मी गोठ्यात गेले. तिथं बाबा होते. बैलांच्या मागे उकिडवे बसलेले, पुढ्यात ती बंदूक. त्यांनी पोटनळीच्या टोकाचा स्क्रू काढला होता, आतली लांब स्प्रिंग बाहेर ओढली होती, आणि कंदिलाच्या बाटलीतलं घासलेट नळीत ओतत होते. खालून पिवळट, चिकट काहीतरी दोऱ्यासारखं ओघळत होतं. त्यांनी ते फडक्यावर घेतलं. फडकं नाकाशी नेलं. खूप वेळ ते तसेच बसले. मग पुन्हा घासलेट, पुन्हा फडकं, नळी पार कोरडी होईपर्यंत.

मला इतका राग आला, इतका की तो राग अजूनही मला पोटात कुठं आहे ते बोटानं दाखवता येईल. बाहेर माझा मामा मरून पडला होता आणि हा माणूस आपली बंदूक साफ करत होता! मी म्हटलं, “बाबा, काऊन धुऊन राह्यले तिले?”

त्यांनी दचकून पाहिलं. म्हणाले, “पोलिसाच्या हाती मळकी देऊ नाई.”

मग त्यांनी सगळं होतं तसं जोडलं, उठून चुलीपाशी गेले आणि ते फडकं जाळात टाकलं. मी तिथंच थुंकले. त्यांनी ते पाहिलं.

पोलीस आले. ओट्यावर बाजेवर फौजदार बसले, सगळं गाव समोर. त्यांनी मला बोलावलं. पण मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “साहेब, पोरीले इचारू नका. पोरीनं बंदूक बरोबर खाली केली होती, सात मोजून. मंग मी एक काडतूस परत भरलं. दुपारून वावरात जाचं होतं, डुकरं येऊन राह्यली होती. भरलं आन् इसरलो. पोरीले माईत नव्हतं.” दाराशी माय उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं. त्या दिवसानंतर ती बोलकी बाई बाबांशी कधीच काही बोलली नाही.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण ते लांब आहे आणि मला दम नाही. बाबांना शिक्षा झाली. फार नव्हती, पण झाली. बंदूक जप्त झाली, लायसन गेलं. मामाच्या तेराव्यानंतर माय मला घेऊन देवळीला राहिली ती परत आलीच नाही. मामीला दुकानात हात हवा होता, रांगणाऱ्या पोराला कोणी सांभाळायला हवं होतं. मायनं ते आयुष्यभर केलं. गावोगाव लोक म्हणाले, नवऱ्यानं भाऊ मारला. मारला असं नव्हे, पण लोकांची जीभ कोण धरणार? मी मात्र तसंच म्हणत होते. मी मोजल्यावर यांनी परत भरली आणि मला सांगितलंही नाही. माझ्या तोंडून मामाला “सात मोजले” म्हणवलं. माझ्या विश्वासाचा गळफास केला. वर्ध्याच्या शाळेत मी गेले, मामाच्या नाही तर मायच्या कष्टावर. शिकले, शिक्षिका झाले, नालवाडीला घर बांधलं. रोहण्याला, एक वेळ सोडली तर, गेले नाही. बाबा सुटून आले, एकटे राहिले, स्वतः भाकरी थापल्या. अधूनमधून गडीमाणसाकडून कळे. एकदा तो म्हणाला, “बाई, दादा पूर्ण वावर पेरते, पण त्या धुऱ्याकडच्या पट्टीत जवस काही टाकत नाई. घरात तेल बी येऊ देत नाई जवसाचं. म्हातारपणाचं येड, दुसरं काय!” मीही तेच म्हटलं, वेड.

या दसऱ्याला पंकज सोनं द्यायला आला होता. पंकज म्हणजे वसंतमामाचा नातू, त्या रांगणाऱ्या पोराचा मुलगा. देवळीचं दुकान आता तोच पाहतो. त्याच्या बायकोनं माझ्यासाठी जवसाची चटणी दिली होती, मला फार आवडते म्हणून. चहा झाल्यावर तो मोबाईल काढून म्हणाला, “आत्या, गंमत दाखवतो. जुन्या कड्याच्या बंदुका आता पुन्हा लय फेमस झाल्या. आपल्या इकडं शिकार बंद होऊन जमाना झाला, तरी लोकं नुसते पाहात बसते. मी बी पाहतो. अशीच होती न आपली?” त्याला गोष्ट माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे तेवढी. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याच्यासाठी तो फोटोतला आजा आहे.

मी नको म्हणणार होते. पण आवाज आला. खटॅक, खट्. साठच्या जवळपास वर्षं झाली, आणि तो आवाज जसाच्या तसा. हिंदीत बोलणारा एक म्हातारा कारागीर होता, टेबलावर तसलीच बंदूक उघडून बसलेला. त्यानं पोटनळीतून स्प्रिंग ओढून काढली, तिला पिवळट चिकटा धरलेला. तो म्हणाला, “घर का तेल कभी मत डालना. अलसी का तो भूलके भी नहीं. सूखके गोंद बन जाता है. गोली अंदर चिपक जाती है. आप गिनते रहो, बाहर आएगी नहीं. फिर कहीं झटका लगा, तो आ जाएगी.”

अलसी म्हणजे आपला जवस.

मी पंकजला म्हटलं, परत लाव. त्यानं लावलं. मी म्हटलं, पुन्हा. तिसऱ्यांदा लावल्यावर तो घाबरला. “आत्या, काय झालं? डोळ्यातून पाणी काऊन येऊन राह्यलं?” मी म्हटलं, ऑपरेशनचं आहे, औषध टाकायचं राहिलं. तो गेला. मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसले, आणि गोठ्यातलं ते फडकं मला इतकं स्पष्ट दिसलं की वाससुद्धा आला. घासलेटाच्या आडून येणारा, आमच्या भाकरीवरचा वास. बाबांना तो एका क्षणात कळला असेल. घरात बंदुकीला हात लावणारी दोनच माणसं होती, आणि त्यांतल्या एकाचा हात तेलकट होता. त्यांनी कुठलंही काडतूस परत भरलं नव्हतं. डबी पाहायची राहिली ही त्यांची चूक होती, तेवढीच. बाकीची त्यांनी पोलीस यायच्या आत धुऊन काढली आणि चुलीत जाळली. आणि मग सगळ्या गावापुढे, मायपुढे, स्वतःच्या नावावर एक खोटं काडतूस भरलं.

ते मला सांगू शकले असते. नुसतं मला, कधीतरी, मोठी झाल्यावर. मायला सांगितलं असतं तर ती त्यांच्याकडे परत गेली असती, एवढं तर खरं. पण मग तिनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं? तिच्या भावाच्या मरणाचं तेल तिच्याच वाटीतलं आणि तिच्याच पोरीच्या हातचं. त्यांनी हे सगळं त्या गोठ्यात, बैलांच्या मागे बसून, फडकं नाकाशी धरून ठरवलं असेल. बायको गेली तर जाऊ दे, पोरगी थुंकली तर थुंकू दे. आणि मी थुंकलेच की. आयुष्यभर थुंकत राहिले.

हे मी पंकजला तोंडानं सांगू शकत नाही, म्हणून लिहिते आहे. त्यानं हे वाचावं, त्याच्या बापाला वाचून दाखवावं, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणावं. रोहण्याच्या आजोबांना, माझ्या बाबांना, मात्र आता काही म्हणू नये. चटणीची बरणी तशीच ठेवली आहे, झाकण उघडलेलं नाही.

बाबा जाण्याआधी एकदाच गेले होते मी रोहण्याला. गडीमाणसाचा निरोप आला, म्हातारा तुमचं नाव घेते म्हणून. माय तेव्हा नव्हती. तेच घर, तोच ओटा, शेवगा एकच उरलेला. बाबा बाजेवर पडलेले, हाडं आणि कातडं. मी बाजेच्या कडेलाही बसले नाही, उभीच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, “सुमे, तू बरोबर मोजलं होतं. सातच. हे ध्यानात ठेवजो.”

मी म्हटलं, “मले माईत आहे. चूक तुमचीच होती.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतकी वर्षं मी समजत होते की तो लाजेनं तसा झाला.

“हो माय,” ते म्हणाले, “माहीच.”